‘आय बेग टू स्टेट’ खोडा!

कोल्हापुरात दोन दुकानं जोरात चालतात. एकावर पाटी असते, व्यावहारिक इंग्रजी. दुसऱ्यावर बॅनर असतो, समता जनजागृती.

पहिल्या दुकानात पैसे भरून जायचं. टाय लावलेला मास्तर शिकवतो, ‘गुड मॉर्निंग सर, हाऊ आर यू सर, थँक यू सर’. वाक्य संपायच्या आत तीनदा सर. दुसरं दुकान एप्रिलमध्ये उघडतं आणि डिसेंबरात पुन्हा एकदा. तिथं हार घातलेला पाहुणा माईकवर येऊन सांगतो, सगळी माणसं सारखी आहेत. टाळ्या पडतात. चहा होतो. मंडप सुटतो.

पहिल्या दुकानात समतेचा शब्द नाही. दुसऱ्या दुकानात अर्जाची एक ओळ नाही. आणि दोन्हीकडं जाऊन आलेला आमचा चाळिशीचा गडी आहे तिथंच. कचेरीच्या बाहेर, झाडाखाली, पैसे घेऊन अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलापुढं उकिडवा. त्यानं काय लिहिलं ते ह्याला वाचता येत नाही. विचारायची लाज वाटते. सही कर म्हटलं की हा करतो.

आम्ही सरळ सांगतो. ही दोन्ही दुकानं खोटी आहेत, कारण ती दोन आहेत. शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडल्या आणि पोरांना एका शाळेत बसवलं. त्याच कोल्हापुरात शंभर वर्षांनी शिक्षणाच्याच दोन जाती झाल्यात. इंग्रजी म्हणजे धंद्याचं, पोटाचं, वरच्या पंगतीचं. समता म्हणजे भाषणाचं, जयंतीचं, आमच्या वस्तीतलं. एकानं दुसऱ्याला शिवायचं नाही. हा विटाळ आधी मोडा.

आता म्हणाल, अर्जाचा आणि समतेचा संबंध काय? तो कोल्हापूरच्या मातीतच आहे. जरा मागं जाऊ.

महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन खालसा केलं. आडनावाशी त्यांचं भांडण नव्हतं, आमचंही नाही. भांडण दप्तराशी होतं. गावाचं सगळं दप्तर एका घरात, बापाकडून पोराकडं. कुणाच्या नावावर किती जमीन, कुणी सारा भरला, कुणी थकवला, सगळं त्याच्या बोरूतून उतरायचं. तो लिहील ते खरं. बाकी गावानं अंगठा द्यायचा. महाराजांनी ते वतन मोडलं, पगारी तलाठी नेमले आणि त्या तलाठ्यांत अस्पृश्यांची पोरंही घेतली. ज्याच्या सावलीचा विटाळ होता त्याच्या हातात गावाचं दप्तर दिलं. ही समता बघा. तिला माईक लागला नाही, लेखणी लागली.

त्याच सुमाराला महाराजांनी महार वतनही मोडलं. दोन्ही वतनं शेजारी शेजारी ठेवून बघा. सरकारी टपाल पायपीट करून पोचवायचं महारानं. खजिन्याबरोबर चालायचं महारानं. दवंडी द्यायची, माणसं चावडीवर बोलवायची महारानं. आणि आलेला कागद फोडून वाचायचा कुलकर्ण्यानं. कागदाचं ओझं आमच्या डोक्यावर, कागदाचा अर्थ त्याच्या डोक्यात. वतनदारीचं सगळं मर्म ह्यात आलं.

हे मोडलं असं कोण म्हणतो? मी कोल्हापूर जिल्हा सोडून मुंबईच्या गोदीत ओझं उचलायला गेलेला माणूस. कंटेनर उघडला की आत खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर इंग्रजी. ‘धिस साइड अप’. ‘हँडल विथ केअर’. खोकं सांभाळून उचला, असं सगळीकडं लिहिलेलं. उचलणाऱ्याला सांभाळा, असं लिहिलेलं खोकं मला अजून सापडायचंय. आमची दुसरी पोरं मोटरसायकलवर पार्सलं पोचवतात. पाठीवर पिशवी, हातात मोबाईल, आणि त्या मोबाईलमध्ये कंपनीच्या अटी इंग्रजीत पानंच्या पानं. खाली एक बटण, ‘आय ॲग्री’. दाबलं तर काम, न दाबलं तर घरी बस. अंगठा गेला, बटण आलं. टपाल अजून आम्हीच वाहतोय आणि वाचणारा अजून दुसराच आहे. कुलकर्णी वतन गेलं, इंग्रजी वतन आलं. नव्या वतनदाराला जातीचं बंधन नाही, एवढंच काय ते. आमच्यातलाही तो असतो. त्याच्याकडं नंतर येतो.

आता भाऊसिंगजी रोडवर चला. ह्याच रस्त्यावर महाराजांच्या काळात गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल होतं. हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या ह्या माणसाला महाराजांनी भांडवल देऊन उभं केलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज गाडी थांबवून स्वतः पिऊ लागले. आणि कोल्हापुरात अशी हकीकत सांगतात, की कुणी कागदावर सही मागायला आला की महाराज त्याला आधी गंगारामाचा चहा प्यायला लावायचे. चहा पोटात गेला, मग सही. हा राजा समता आणि कागद वेगळे ठेवत नव्हता.

ह्याच रस्त्याला, सीपीआर दवाखान्यासमोर, ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचं. वकिलांनी आणि लोकांनी कित्येक दशकं झुंजून ते आणलं. उद्घाटनाला सरन्यायाधीश भूषण गवई आले, आंबेडकरी घरातला माणूस त्या खुर्चीवर. आम्हांला आनंद झाला. मुंबईचा हेलपाटा वाचला, एसटीचं भाडं वाचलं.

पण आत कुठली भाषा चालते? इंग्रजी. घटनेच्या कलम ३४८ नं उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरवलीय, आणि महाराष्ट्रात ती अजून तीच आहे. खालच्या कोर्टांना १९९८ पासून मराठी आली, वर नाही. म्हणजे हायकोर्ट दारात आलं आणि उंबऱ्याची उंची तेवढीच राहिली.

ह्याचा अर्थ आमच्या माणसाला काय ते सांगतो. समजा, एखाद्या गावात जातीवरून मारहाण झाली. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला. १९८९ चा हा कायदा. आरोपी विशेष न्यायालयात जामीन मागतो. मिळाला नाही, तर कायद्याच्या कलम १४-अ प्रमाणं तो हायकोर्टात अपील करतो. कलम १५-अ म्हणतं, मार खाल्लेल्याला ह्या प्रत्येक सुनावणीची खबर दिली पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. फार मोठा हक्क आहे. पण त्या अपिलाचे कागद घरी येतात तेव्हा त्यात काय असतं? ‘द अपेलंट मोस्ट रिस्पेक्टफुली सबमिट्स’. रक्त मराठीत सांडलं, अपील इंग्रजीत आलं. आपल्याच अंगावरच्या वळांची हकीकत आपल्याला परक्याकडून वाचून घ्यावी लागते. त्यात लिहिलेलं असतं की फिर्यादीनं जुन्या भांडणातून खोटी केस केली. हे वाचता आलं नाही तर खोडणार कसं? शेजारच्या कॉलेजच्या पोराकडं न्यायचं, नाहीतर वकिलाकडं. तो सांगेल तेवढं खरं. पुन्हा कुलकर्णी!

म्हणून आम्हांला इंग्रजी पाहिजे. फाडफाड बोलायला नको. साहेबाच्या पोरीच्या लग्नात मिरवायला नको. आमच्याविषयी काय लिहिलंय ते वाचायला, आणि आमच्या हातानं उत्तर लिहायला पाहिजे.

मग दुकानदार म्हणतो, आम्ही तेच तर शिकवतो, लेटर रायटिंग. बरं. दाखव तुझं लेटर. बाजारातलं गाइड उघडतो आणि पहिली ओळ देतो: ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट’.

थांब तिथंच.

बेग म्हणजे काय? भीक मागणं. मी भीक मागतो की मला सांगू द्या. पुढं सगळं ‘काइंडली’ आणि ‘हंबली’, आणि शेवटी ‘युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’, आपला अत्यंत आज्ञाधारक नोकर. गोऱ्या साहेबाच्या कचेरीत काळ्या कारकुनानं वाकून लिहायची ही रीत. साहेब गेला १९४७ ला. वाकणं राहिलं. आमच्या बापजाद्यांनी चावडीपुढं, चपला हातात घेऊन, कमरेत वाकून जोहार घातला. तो जोहार बाबासाहेबांनी आमच्या तोंडातून काढला आणि तिथं जयभीम आला. आणि तू फी घेऊन तोच जोहार मला इंग्रजीत शिकवतोस? स्पेलिंगसकट?

शाळेतही दुसरं काय शिकवलं? आज पस्तिशी ओलांडलेल्यांना सरकारी शाळेत इंग्रजी आली ती पाचवीला. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात सुरू झाली २००० साली. सहा वर्षं घोकून आम्हांला एकच पत्र आलं: ताप आलाय, रजा द्या. ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर’. मॅट्रिक झालेल्या माणसाला ताप इंग्रजीत सांगता येतो, थकलेला पगार इंग्रजीत मागता येत नाही. अभ्यासक्रम करणाऱ्यांनी आमच्यासाठी आजारच नेमून दिला, हक्क नाही.

म्हणून म्हणतो, त्या ओळीतले दोन शब्द खोडा. ‘बेग टू’ खोडा. काय राहिलं? ‘आय स्टेट’. मी सांगतो. व्याकरण कुठं मोडलं नाही. फक्त माणूस ताठ झाला. इंग्रजीचा पहिला धडा हा, आणि समतेचाही हाच.

आता अर्जाची एक एक ओळ घ्या आणि बघा, समतेचा वेगळा तास कुठं लागतो का.

पहिली ओळ, कुणाला. अधिकाऱ्याचं पद लिहायचं, मग ‘सर’ किंवा ‘मॅडम’, एकदाच. तो माणूस आपल्या करातून पगार घेणारा नोकर आहे. त्याला मान द्यायचा, माणूस म्हणून. मायबाप करायचा नाही.

दुसरी ओळ, नाव. इथं वर्गात अर्धा तास जाईल, जाऊ द्या. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, प्रॉव्हिडंट फंडात तिसरं. कुणीतरी कारकुनानं घाईत इंग्रजीत लिहिलं, आमच्याकडं वाचणारं कोण होतं? वीस वर्षं भट्टीपुढं घाम गाळून शिरोलीचा फाउंड्री कामगार फंड काढायला जातो आणि मोबाईलवर येतं, ‘क्लेम रिजेक्टेड, नेम मिसमॅच’. आपलंच नाव आपल्याशी जुळत नाही. तर आपलं नाव इंग्रजीत एका एका अक्षरानं लिहायला शिकणं हे बालवाडीचं काम नव्हे, ते पोटाचं काम आहे. आणि बायांचं नाव? फॉर्मवर ‘वाइफ ऑफ’, ‘डॉटर ऑफ’. बाई कुणाची तरी असल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. त्या ‘ऑफ’ वर वर्गात भांडण लागलं पाहिजे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावात आईचं नाव लावायचं सरकारनं ठरवलं. मग चाळिशीच्या बाईला नावासाठी नवरा का लागतो, हे तिनं इंग्रजी शिकता शिकता विचारलं पाहिजे.

तिसरी ओळ, पत्ता. गावाचं नाव, आणि मग वस्ती. पिढ्यान् पिढ्या पत्त्यातच जात लिहिली आम्ही. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती. पोस्टमनला कळायच्या आधी साऱ्या जगाला कळायचं. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय काढला. तुमच्या आधारवर काय आहे? विजेच्या बिलावर काय आहे? जुनंच असेल तर वर्गातला पहिला खरा अर्ज तोच. पत्ता बदलून मिळावा. उद्या नेऊन द्या.

चौथी ओळ, विषय. थोडक्यात. कशासाठी लिहितोय ते.

मग मजकूर. काय झालं, कधी, कुठं, कोण होतं, कुठला कायदा, काय पाहिजे, किती दिवसांत. सात प्रश्न, सात छोटी वाक्यं. ‘माय वेजेस फॉर मार्च वेअर नॉट पेड.’ झालं वाक्य. त्यात ‘काइंडली’ घुसवू नका. रडगाणं नको, कविता नको. मी कवी आहे, तरी सांगतो, अर्जात कविता नको. तारीख पाहिजे. मालक तारखेला भितो.

शेवटी सही, तारीख, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. शिक्का, सही, आवक नंबर. पोच नसलेला अर्ज म्हणजे विहिरीत टाकलेला दगड. ‘प्लीज गिव्ह मी ॲन ॲक्नॉलेजमेंट.’ हे वाक्य ज्याला टेबलापुढं उभं राहून, मान वर करून म्हणता आलं, त्याला मी पास समजतो. ते वाक्य मराठीत म्हणणाराही पास.

आणि जिथं सही आपल्याकडून मागतात तिथलं इंग्रजी वेगळं शिकवा. ते जास्त धोक्याचं. एका ठेकेदाराकडं आमच्यातल्या एकाचं बोट चिरडलं. दवाखान्यातून परत आला तेव्हा टेबलावर थोडे पैसे आणि एक कागद ठेवलेला. कागदावर ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’. त्याला वाटलं पावती आहे. सही केली. नंतर भरपाई मागायला गेला तर तोच कागद पुढं केला, तूच लिहून दिलंयस की आता काही देणं राहिलं नाही. चार शब्दांत माणसाचं बोट मिटवलं. हे चार शब्द कुठल्या इंग्रजीच्या दुकानात शिकवतात? आणि त्यावरचे दोन शब्द कुणी शिकवले? ‘अंडर प्रोटेस्ट’. पैसे घेतोय, पण कबूल नाही. सहीच्या वर हे दोन शब्द आपल्या हातानं लिहिले की पुढं कोर्टात उभं राहून बोलायला जागा उरते. हमालाला, बांधकामाच्या गवंड्याला, इचलकरंजीच्या मागावरच्या कामगाराला, ऊसतोड्याला, शेक्सपिअरच्या आधी हे दोन शब्द पाहिजेत.

काही जण म्हणतील, सरकार प्रौढांना शिकवतंय की. ‘उल्लास’ म्हणून कार्यक्रम आहे, २०२२ ते २०२७, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. अक्षरं, आकडे, परीक्षा, प्रमाणपत्र. चांगलं आहे, आमच्या आया-मावश्या त्यात बसतात, त्यांना सलाम. पण सही शिकलेल्या माणसाला कशावर सही करू नये हे कळलं नाही, तर तुम्ही मालकाची सोय केली. अंगठ्याचा निदान वाद घालता येतो, मला वाचता येत नव्हतं म्हणून. सही केली की तोही दरवाजा बंद!

आता विरोधकांकडं वळतो. तीन आहेत.

पहिला मराठीप्रेमी. तो म्हणतो, इंग्रजी कशाला, मायमराठी बुडेल. दादा, मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आम्हीही पेढा खाल्ला. पण तू पोराला इंग्रजी शाळेत घालून आम्हांला मराठीचा अभिमान शिकवू नकोस. आणि मराठीचा हक्कही तू सांगत नाहीस, तो आम्हीच सांगतो. घटनेचं कलम ३५० म्हणतं, गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही वापरातल्या भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याला देता येतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, २००५ चा कायदा, मराठीत चालतो, आणि लिहिता येत नसेल तर अधिकाऱ्यानं लिहून घ्यायला मदत करायची असते. तलाठी, तहसीलदार, पोलीस, कलेक्टर, इथं मराठीतच लिहा आणि ठणकावून लिहा. इंग्रजीत लिहा म्हणाला तर ३५० दाखवा. कुठं इंग्रजी लागते आणि कुठं ती आपल्यावर लादतात, हा फरक कळणं हाच व्यावहारिक इंग्रजीचा अर्धा अभ्यासक्रम. आणि मराठीप्रेमी असशील तर भाऊसिंगजी रोडवर ये. हायकोर्टात मराठी आणायचा मोर्चा काढू. पुढं आम्ही असू.

दुसरा मोबाईलवाला. तो म्हणतो, आता फोनच भाषांतर करतो, शिकायचं कशाला? करतो खरा. फोटो काढला की ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’चं मराठी ‘पूर्ण आणि अंतिम समझोता’ असं येतं. आलं. पुढं? सही करायची की नाही, हे फोन सांगत नाही. मालक समोर बसलाय, पेन पुढं केलंय, मागं वीस जणांची रांग आहे, तेव्हा खिशातून फोन काढून फोटो घ्यायला जे धैर्य लागतं ते फोनमध्ये नसतं. ते वर्गात, चार माणसांत, शिकून येतं. फोन वापरा, जरूर वापरा. पण फोनला कुलकर्णी करू नका.

तिसरा आपलाच आहे. शिकला, नोकरीला लागला, कॉलनीत बंगला बांधला. वस्तीत येतो जयंतीला, भाषणात तीन वाक्यं इंग्रजीत टाकतो, आणि वस्तीतल्या म्हातारीनं कागद वाचायला दिला की म्हणतो, रविवारी या. अरे, तुझी फी कुणी भरली? तुझी शिष्यवृत्ती कुणाच्या मोर्चातून आली? बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते एकट्यानं शिकून बसा म्हणून नव्हे. त्याच्यापुढं संघटित व्हा आहे. तू पहिला शब्द घेतलास, बाकीचे वस्तीला ठेवलेस. तुला इंग्रजी येतं आणि तू ते रविवारच्या उपकारासारखं वाटतोस. मग तूही वतनदारच. ये, वर्ग घे. आठवड्यातून दोन रात्री. नाहीतर जयंतीच्या स्टेजवर चढू नकोस.

ह्या कामाला आपल्याकडं घराणं आहे, लक्षात ठेवा. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेली मोठी माणसं अक्षरं गिरवायला बसली. त्याच साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. मांगाची पोर, चौदाएक वर्षांची, शिकून जेमतेम तीन वर्षं झालेली. तिनं मांग-महारांचं दुःख लिहिलं आणि वेद तुमचे तर आमचा धर्म कुठला, असं धर्माच्या ठेकेदारांना तोंडावर विचारलं. तिनं भीक मागितली नाही. कारण तिला अक्षर आणि माणुसकी एकाच पाटीवर शिकवली होती. फुल्यांनी ‘गुलामगिरी’ला प्रस्तावना इंग्रजीतही लिहिली, १८७३ ला. हंटर कमिशनपुढं १८८२ ला निवेदन दिलं ते इंग्रजीत, आणि त्यात सरकारला सुनावलं की रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाची कॉलेजं चालवता. बाबासाहेब १९१९ ला साउथबरो कमिटीपुढं इंग्रजीत बोलले, आणि ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला मराठीत. त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराज आले आणि म्हणाले, हाच तुमचा पुढारी. सरकारशी इंग्रजीत, आपल्या माणसांशी मराठीत, आणि दोन्हीत पाठीचा कणा तोच. व्यावहारिक इंग्रजी म्हणतात ती ही.

आणि कुणाला वाटत असेल की कागदानं काय होतं, त्यानं शिरोळ तालुक्यात हेरवाडला जावं. ४ मे २०२२ ला त्या गावच्या ग्रामसभेनं ठराव लिहिला, की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. लिहिला, सही केली, दप्तरी लावला. पंधरा दिवसांच्या आत राज्य सरकारला सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढावं लागलं. विधवांचं दुःख काय आधी कुणाला माहीत नव्हतं? भाषणं काय झाली नव्हती? पण गावानं ते कागदावर घेतलं तेव्हा सरकार हललं. हा ठराव मराठीत आहे. समता लिहिता येते, याचा हा पुरावा.

म्हणून आमचं म्हणणं साफ आहे. प्रत्येक वस्तीत, बुद्धविहारात, समाजमंदिरात, तालमीत, युनियनच्या खोलीत रात्रीचा वर्ग उघडा. त्याच्या अटी ह्या:

१. वर्गात खुर्ची सगळ्यांना एकच. महार, मांग, चांभार, ढोर, मुसलमान, मराठा, जो येईल तो कुणाच्याही शेजारी बसेल. आपल्यातली शिवाशिव दाराबाहेर ठेवून येता येत नसेल त्यानं येऊ नये.

२. बाया मागं बसणार नाहीत आणि चहा करणार नाहीत. चहा पाळीनं, पुरुषांपासून सुरू.

३. पुस्तक नाही. ज्याच्या घरात जो कागद येऊन पडलाय तो धडा. विजेचं बिल, बँकेची नोटीस, फंडाचा मेसेज, कोर्टाचं समन्स, ठेकेदाराचा कागद.

४. रोज एक खरा अर्ज. लिहायचा, मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायचा. एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर चौघांनी जायचं.

५. कुणाला इंग्रजी चुकलं म्हणून हसायचं नाही. हसला त्यानं फळा पुसायचा.

६. मराठीत भागतं तिथं मराठीत. इंग्रजी लागते तिथं इंग्रजीत. भीक कुठल्याच भाषेत नाही.

पैसे लागतात? एक फळा, एक बल्ब, एका सतरंजीचे. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात असे कितीतरी वर्ग उभे राहतील. हे ऐकून राग आला तर येऊ द्या. बाबासाहेबांच्या नावानं कानठळ्या बसवायच्या की बाबासाहेबांच्या लेखणीनं उत्तर लिहायचं, हे एकदा ठरवा.

तारीख ठरवायला मुहूर्त लागत नाही. आज घरी जा, कपाटातला कागद बाहेर काढा. कुठंतरी तुमच्या नावानं कुणीतरी ‘आय बेग टू स्टेट’ लिहून ठेवलं असेल. पेन घ्या. ‘बेग टू’वर आडवी रेघ मारा.

आता पुढचं सांगा.